मदत मागण्याची ताकदच उरत नाही तेव्हा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मानसिक आरोग्याच्या फलकांवर एक वाक्य हमखास असतं, ‘संकोच करू नका, मदत मागा.’ हेतू चांगला आहे. पण समुपदेशक म्हणून मी ज्यांच्यासमोर बसते, त्यांच्यातल्या अनेकांची मागण्याची ताकदच आजारानं हिरावून घेतलेली असते. आपलं धोरण मात्र ती ताकद शाबूत आहे असं धरून चालतं.

नैराश्यात झोप, भूक आणि एकाग्रता तर बिघडतेच, शिवाय साधा निर्णय घेणंही जड जातं. ‘माझ्यासाठी कुणी वेळ का घालवावा?’ या प्रश्नाचं उत्तर त्या माणसानं मनाशी आधीच देऊन टाकलेलं असतं. आघात सोसलेल्यांचं आणखी वेगळं. १९८० साली मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत आघातोत्तर तणावाला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली, आणि त्याच्या लक्षणांमध्ये ‘टाळणं’ आहे. घडलेल्याची आठवण करून देईल असं सगळंच ते टाळतात. मग अनोळखी माणसापुढे पहिल्याच भेटीत सगळं सांगायला ते कसे येतील? एकटेपणाबद्दल जॉन कॅसिओपो या संशोधकानं अनेक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की एकटेपणा लांबला की मन सतत धोक्याच्या पवित्र्यात राहतं आणि लोकांच्या वागण्यात आधी नकारच पाहतं. सोबतीची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच माणूस मागे सरतो.

बरेचदा ही तिन्ही दुखणी एकाच माणसात असतात. ‘जरा लोकांत मिसळा’ हा सल्ला अशा माणसाला किती बोचतो, ते मी पाहिलं आहे.

म्हणून माझी विनंती आहे, की व्यवस्थेनंच पहिलं पाऊल उचलावं. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी हे करून पाहिलं. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेले, पण पुढचे उपचार नाकारलेले किंवा सोडलेले ८४३ जण त्यांनी निवडले. त्यांतल्या साधारण निम्म्यांना ठरावीक काळानं छोटी पत्रं जात राहिली. पत्रात फक्त विचारपूस असे. भेटायला या, अमुक करा, असं काही नसे. पत्रं मिळालेल्यांमध्ये पहिल्या दोन वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण स्पष्टपणे कमी होतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला आजही थक्क करतो. ज्यांनी आपल्याकडे पाठ फिरवली असं आपण समजतो, त्यांच्यापर्यंत चार ओळी पोचत होत्या!

झिंबाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारात बाकं ठेवली आणि त्यांवर प्रशिक्षण घेतलेल्या आज्या बसवल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर या आज्यांशी बोलणाऱ्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरीच कमी आढळली. तज्ज्ञांची उणीव आहे हे मला ठाऊक आहे, पण वाट पाहण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

आज रुग्ण ठरल्या तारखेला आला नाही, की नोंदवहीत ‘गैरहजर’ लिहून विषय संपतो. तो न येणं हे लक्षण माना. त्याच आठवड्यात, त्याला आधी भेटलेल्या कर्मचाऱ्यानंच त्याच्या संमतीनं ठरलेल्या मार्गानं, फोन किंवा पत्रानं, विचारपूस करावी आणि उत्तर आलं नाही तरी काही काळानं पुन्हा करावी. या कामाचे तास कर्मचाऱ्याच्या कामकाजात धरा, त्यासाठी माणसं नेमा, आणि हे येत्या अंदाजपत्रकातच करा.

आपली,
एक समुपदेशक