घड्याळाच्या खोलीची चावी

मा. संपादक,
सादर नमस्कार.

कालच्या अंकात पान तीनवर ‘वारसास्थळांच्या खुल्या दिवसाला नागरिकांचा उदंड प्रतिसाद’ या मथळ्याखाली घड्याळाच्या मनोऱ्यासमोरील रांगेचे छायाचित्र आपण छापले आहे. त्या रांगेत डावीकडून चौथा, काळी छत्री डोक्यावर धरलेला गृहस्थ मी आहे. छायाचित्राखाली ‘वारसा पाहण्यासाठी उत्सुक नागरिक’ अशी ओळ दिली आहे. ते छायाचित्र टिपले गेले तेव्हा मला तिथे उभे राहून एक तास चाळीस मिनिटे झाली होती आणि उत्सुकतेचा भाग पहिल्या अर्ध्या तासातच संपला होता, एवढी दुरुस्ती आपल्या परवानगीने सुचवतो.

रांगेबद्दल माझी तक्रार नाही. पाहण्यासारखे काही असेल तर माणसे उभी राहतातच आणि राहावेही. तक्रार आहे ती रांग जिथे संपत होती त्या जागेबद्दल. मनोऱ्याचा तळमजला वर्षभर कामाच्या वेळेत कोणालाही पाहता येतो. त्या दिवशी त्याला पताका लावून तो ‘खुला’ करण्यात आला होता. पहिल्या मजल्यावर फलक मांडले होते आणि त्यांवरची बहुतेक छायाचित्रे घरबसल्या मोबाइलवर पाहता येतील अशीच होती. तिथून वर जाणारा अरुंद लाकडी जिना मात्र खरोखर चढू दिला, याबद्दल संयोजकांचे आभार. त्या जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत आणि कठडा हातांनी घासून इतका गुळगुळीत झाला आहे की क्षणभर सगळी चिडचिड विसरायला झाली. जिना संपला आणि समोर घड्याळाच्या खोलीचे दार आले. दाराला कुलूप होते.

दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, “चावी साहेबांकडे आहे.” साहेब कुठे आहेत असे विचारल्यावर त्याने खिडकीतून खाली बोट दाखवले. साहेब खाली व्यासपीठावर बसले होते. खुल्या दिवसाच्या उद्घाटनाची भाषणे चालू होती आणि वारशाची दारे जनतेसाठी सताड उघडल्याचे ध्वनिक्षेपकावरून त्या बंद दारापर्यंत अगदी स्वच्छ ऐकू येत होते. भाषणे संपल्यावर तरी साहेब वर येतील या आशेवर आम्ही सात-आठ जण जिन्यातच थांबलो. भाषणे संपली, साहेब गाडीत बसले आणि चावीसह निघून गेले. पहारेकऱ्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यात थोडी शरम होती. ती त्याच्या वाट्याची नव्हती.

एका बंद खोलीसाठी एवढी आदळआपट का, असे कोणी विचारेल. मी त्या खोलीत पूर्वी गेलेलो आहे. १९७४ साली मी सातवीत होतो. तेव्हा त्या घड्याळाला चावी देणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्या गल्लीत राहत आणि एका संध्याकाळी, कोणताही खास दिवस नसताना, ते मला बरोबर घेऊन गेले. ओतीव लोखंडी चौकटीत बसवलेली पितळी चाके, पोलादी दोरांना टांगलेली आणि खालच्या अंधारात दिसेनाशी होणारी वजने, तेलाचा वास आणि दर ठोक्याला पायाखालच्या फळीत जाणवणारा हादरा, हे सगळे मला आजही जसेच्या तसे आठवते. त्यांनी भलामोठा दांडा माझ्या हातात दिला आणि फिरव म्हणाले. माझ्याने तो पाव फेरासुद्धा फिरला नाही. मग त्यांनी माझ्या हातांवर हात ठेवून फिरवला आणि प्रत्येक दात्यागणिक ‘खट्’ असा आवाज करत ते वजन वर येऊ लागले.

लंबकाच्या दांडीवर एक लहानशी पट्टी होती आणि तिच्यावर पितळेच्या दोन-तीन चकत्या ठेवलेल्या होत्या. उन्हाळ्यात दांडी तापून किंचित लांबते आणि घड्याळ मागे पडते. तिथे एक चकती वाढवली की लंबकाचा गुरुत्वमध्य थोडा वर सरकतो आणि घड्याळ पुन्हा ताळ्यावर येते, असे त्यांनी मला समजावले. लंडनच्या ज्या घड्याळाला जग बिग बेन म्हणून ओळखते, ते १८५९ साली सुरू झाले आणि त्याच्या लंबकावर त्याच कामासाठी जुनी पेनी नाणी ठेवलेली आहेत. एक नाणे वाढवले की घड्याळ दिवसाला सेकंदाच्या चार दशांशाने पुढे जाते. हे मी पुढे वाचले, पण त्यामागची युक्ती मला त्या खोलीतच कळली होती. पुढे मी शाळेत तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले आणि लंबकाचा धडा आला की फळ्यावर आधी त्या चकत्यांचेच चित्र काढत असे.

या वेळी त्या मजल्यावर माहिती देण्यासाठी एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी उभी होती. मुलगी अत्यंत विनयशील होती आणि सकाळपासून पाण्याचा घोट न घेता बोलत होती, त्यामुळे तिच्याविषयी एक अक्षरही वाईट लिहायचे नाही. तबकडीवर रोमन चारचा आकडा चार उभ्या रेघांनी काढला आहे, ती कारागिराची चूक आहे, असे ती सांगत होती. ही चूक नव्हे. घड्याळांच्या तबकड्यांवर चारचा आकडा असा काढण्याची फार जुनी रीत आहे आणि जगातल्या असंख्य घड्याळांवर तो तसाच आढळतो. मी हळूच तसे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “काका, आम्हाला एवढाच कागद दिलाय.” तिने तो दाखवलाही. अर्ध्या पानाच्या त्या मजकुरात उद्घाटकांच्या नावाला तीन ओळी होत्या, घड्याळाच्या यंत्राला एकही नव्हती. ज्यांनी हे घड्याळ वर्षानुवर्षे चालू ठेवले त्यांच्या घरचे कोणी किंवा निदान एखादा जुना घड्याळजी त्या दिवशी तिथे बोलावता आला नसता काय? व्यासपीठावर बावीस खुर्च्या होत्या. रांगेत दुसरे काही करण्यासारखे नसल्याने मी त्या मोजल्या.

आपल्या बातमीत या उपक्रमाचा उल्लेख ‘अभिनव संकल्पना’ असा आहे. फ्रान्समध्ये ही संकल्पना १९८४ साली तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री जॅक लांग यांनी सुरू केली. पुढे १९९१ पासून युरोप परिषदेने ती इतर देशांत नेली आणि लंडनमध्ये १९९२ पासून असाच उपक्रम चालतो. तेव्हा अभिनव हा शब्द थोडा उशिरा आला आहे. पण त्याहून महत्त्वाचे असे की, तिथे खुला दिवस म्हणजे एरवी बंद असलेले दार उघडणे. पॅरिसमध्ये राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान असलेला एलिझे प्रासाद त्या दिवसांत सामान्य माणसाला आतून पाहता येतो. तिथेही तासन्‌तास रांगा लागतात, पण त्या रांगा आत जातात. लंडनमध्ये तर काही घरांचे मालक आणि इमारतींचे वास्तुरचनाकार स्वतः दाराशी उभे राहून माहिती सांगतात. राष्ट्राध्यक्षांचे घर उघडता येते आणि घड्याळाची खोली उघडता येत नाही, यातले सुरक्षेचे गणित मला उलगडत नाही. खोली लहान आहे आणि जिना जुना आहे, हे मान्य. दहा-दहा जणांच्या तुकड्या सोडा, वेळ ठरवून द्या, नावे आधी नोंदवून घ्या.

नावनोंदणीवरून आठवले. दुपारच्या सत्रासाठी पूर्वनोंदणी आवश्यक असून तिची मुदत शुक्रवारी सायंकाळी संपेल, ही सूचना आपल्या दैनिकात शनिवारी सकाळी, पान सातवर, निविदांच्या जाहिरातींखाली आली. ती वाचायला मला चष्म्यावर भिंगही धरावे लागले. संयोजकांनी सूचना उशिरा पाठवली असेल तर आपला दोष नाही. पण मग मुदत संपलेली सूचना छापण्याचे प्रयोजन काय, हे कळले तर बरे होईल.

आता मूळ मुद्दा. मनोऱ्यावरचे काटे हल्ली विजेच्या मोटरवर चालतात, असे त्याच पहारेकऱ्याकडून कळले. कधीपासून, हे त्याला ठाऊक नव्हते. तसे असेल तर जुने यंत्र अजून त्या खोलीत आहे, की काढून कोणाच्या तरी दिवाणखान्यात किंवा थेट भंगारात गेले आहे, हे पाहण्यासाठीच मी पावणेदोन तास उन्हात उभा होतो. आपल्या बातमीत मात्र ‘मनोऱ्यातील ऐतिहासिक यंत्र आजही दिमाखात सुरू आहे’ असे निःसंदिग्ध वाक्य आहे. दाराला कुलूप होते आणि चावी साहेबांच्या खिशात होती, तेव्हा आपल्या वार्ताहरांना ते यंत्र कोणत्या मार्गाने पाहायला मिळाले, याचे मला खरोखर कुतूहल आहे. त्यांनी ते पाहिले असेल तर लंबकाच्या पट्टीवर चकत्या अजून आहेत का आणि किती आहेत, एवढे त्यांनी कृपया कळवावे. पाहिले नसेल तर तसेही छापावे.

आपला,
एक वाचक (डावीकडून चौथा)

ता. क. – बातमीत मनोऱ्याला चार तबकड्या असल्याचे म्हटले आहे. त्या तीन आहेत. मागच्या बाजूला तबकडी नाही, तिथे एक झरोका आहे. हे पाहण्यासाठी चावी लागत नाही, इमारतीला एक फेरी मारली तरी पुरते.