नारळीकर सरांची पोस्टकार्डं आणि आपण मागे काय ठेवणार

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर 20 मे 2025 ला पुण्यात गेले तेव्हापासून आपल्या पेपरात आणि बाकीच्याही पेपरांत त्यांच्यावर खूप छापून आलं, केंब्रिज, तिथले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल, 2004 चं पद्मविभूषण, नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, मी सगळं वाचलं आणि कात्रणंही काढून ठेवलीत. पण एक गोष्ट जितकी यायला हवी होती तितकी आली नाही असं मनापासून वाटतं म्हणून लिहितेय. मी सातारा जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, आता रिटायरमेंट जवळ आलीये.

सरांचं भाषण संपलं की मुलं वह्या घेऊन सहीसाठी गराडा घालायची. तेव्हा सर सांगायचे की सही अशी नाही मिळणार, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन आणि त्याखाली सही करीन. आणि खरंच उत्तरं पाठवायचे हो! 1988 साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली, 2003 पर्यंत तिचे डायरेक्टर होते, स्वतःचं संशोधन, परदेशातली कामं, लेखन, हे सगळं सांभाळून हा माणूस कुठल्यातरी सातवीतल्या पोराला पत्र लिहायचा. मी त्यांच्या वर्गात कधी बसले नाही, आयुकात शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं असायची तिथे मुलांना घेऊन गेलेली एक शिक्षिका एवढीच माझी ओळख, पण माझे गुरू कोण असं विचारलं तर मी त्यांचंच नाव घेईन.

त्यांचं बघूनच मी वर्गात प्रश्नवही सुरू केली. मुलांनी प्रश्न लिहायचा, मी खाली उत्तर लिहून सही करायची, आणि येत नसेल तर 'शोधून सांगते' असं तारखेसकट लिहायचं. एका मुलीने लिहिलं होतं, बाई, महाबळेश्वरला गेलं की आपण सूर्याच्या जवळ जातो ना, मग तिथे थंडी का वाजते? मला तो प्रश्न इतका आवडला की काय सांगू. सूर्य 15 कोटी किलोमीटरवर, त्यात आपण जेमतेम सव्वा-दीड किलोमीटर वर चढलो तर सूर्याच्या हिशोबात ते काहीच नाही, आणि हवा तापते ती मुख्यतः खालून, जमिनीमुळे, वर जाऊ तशी ती विरळ आणि गार होत जाते, सरासरी किलोमीटरला साडेसहा अंश. हे उत्तर लिहिल्यावर त्याखाली तिने लगेच दुसरा प्रश्न टाकला, मग विमानाच्या बाहेर किती थंडी असेल? आपलं उत्तर वाचून मूल पुढचा प्रश्न विचारतं ना, मास्तराला याहून मोठी दाद नाही.

आमच्या घरात मागे काय ठेवायचं हा विषय निघाला की सातबारा, एफडी आणि नॉमिनी इथेच बोलणं थांबतं. तेही लागतंच, त्यात गैर काही नाही. पण सर गेल्यापासून माझ्या डोक्यात वेगळंच चाललंय. सरांनी हॉईल यांच्याबरोबर मांडलेली, विश्वाला सुरुवातच नाही ही कल्पना आज बहुतेक शास्त्रज्ञ मानत नाहीत, 1965 मध्ये आकाशातून सगळीकडून येणारे मायक्रोवेव्ह सापडले, ते विश्वाच्या तप्त सुरुवातीची खूण मानले गेले आणि तेव्हापासून पारडं बिग बँगकडे, म्हणजे विश्व एका महास्फोटातून सुरू झालं या मताकडे झुकलं, तरी सर शेवटपर्यंत शंका काढत राहिले आणि 1993 ला हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासोबत नवीन मांडणीही घेऊन आले. आणि त्यांचेच विद्यार्थी थानू पद्मनाभन, जे 2021 मध्ये गेले, त्यांनी बिग बँगच्याच चौकटीत मोठं काम केलं, तेही सरांनी उभारलेल्या आयुकात राहून! मला यात सरांचं मोठेपण दिसतं, कारण विद्यार्थ्याने आपलंच म्हणणं पुढे न्यावं असा हट्ट कितीतरी चांगल्या शिक्षकांनाही सोडवत नाही, मी शाळेत रोज बघते. उद्या माझी एखादी विद्यार्थिनी मी वहीत लिहिलेलं उत्तर खोडून जास्त बरोबर उत्तर लिहील तर मी काहीतरी मागे ठेवलं असं मी समजेन.

आता विनंती. सरांच्या नावाने रस्ता, चौक, पुतळा अशा मागण्या होतील, होऊ देत. पण आपल्या पेपरने आठवड्यातून एकदा चार बोटं जागा मुलांच्या प्रश्नांना द्यावी, प्रश्न मुलाच्या हस्ताक्षरातला, पोस्टकार्डावरच मागवलेला, आणि उत्तर देणाऱ्याची खाली सही. छापायला जागा पुरणार नाही त्या मुलांना उत्तर घरी पोस्टाने जावं, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कारण गावाकडच्या पोराच्या नावाने घरी पत्र येणं म्हणजे काय असतं ते मी पाहिलंय. उत्तरं लिहायला रिटायर झालेले विज्ञान शिक्षक प्रत्येक तालुक्यात सापडतील, पैसे कोणी मागणार नाही. पहिल्या खेपेला माझ्या वहीतले प्रश्न पाठवायला मी तयार आहे, पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिलाय, तो छापू नये.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, जि. सातारा