पहाटे चारला उठा, असं न सांगणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

प्रभूमध्ये सलाम.

पुण्याला मुलाकडे राहायला जाताना निरोपाचा कार्यक्रम नको म्हणालात, हारतुरे तर नकोच. मग आभार मानायचे कसे? शेवटी ठरलं, की बुधवारच्या प्रार्थना सभेत तुम्ही शिकवलेली रोजच्या प्रार्थनेची आणि वाचनाची पद्धत एकदा नीट लिहून काढायची आणि पत्र सगळ्यांना वाचायला मोकळं ठेवायचं. मिरजेपासून कुपवाडपर्यंत जे कोणी "बाईंची ती पद्धत काय होती हो?" असं विचारतात, त्यांचंही काम होईल.

पहिले आभार वेळेबद्दल. प्रार्थनेवर बोलायला उभं राहिलेला माणूस सहसा बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, ३५वी ओवी (मार्क १:३५) उघडतो, येशू अगदी पहाटे उठून एकांतात गेला ते वाचतो आणि चार वाजताचा गजर लावायला सांगतो. ऐकणाऱ्यांत निम्मे जण शिफ्टवाले. एमआयडीसीत सकाळी सातची, दुपारी तीनची आणि रात्री अकराची पाळी आठवड्याला बदलते, मिरजेच्या दवाखान्यांतल्या सिस्टरांची नाइट असते, तासगावकडच्या द्राक्षवाल्यांना ऑक्टोबर छाटणीनंतर भल्या सकाळी फवारणी आणि शेतीची वीज रात्रीची असली तर मोटर चालू करायला मध्यरात्री उठणं. यांनी चारचा गजर लावला तर तो आठवडाभर वाजतो, मग बंद होतो, आणि आपण देवाला कमी पडलो ही बोच तेवढी मागे राहते. तुम्ही म्हणायचात, प्रार्थना घड्याळाला बांधू नका, रोज न चुकणाऱ्या एखाद्या कामाला बांधा. आंघोळ झाली की. पहिला चहा झाला की. ड्यूटीवरून येऊन हातपाय धुतले की. पाळी बदलली तरी आंघोळ काही बदलत नाही.

नाइट करून आलेल्यांना तुम्ही लांबलचक वाचन कधी दिलं नाही. झोपण्याआधी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३४, एवढंच. तीन ओव्यांचं स्तोत्र आहे आणि तेही रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठी. वॉर्डात रात्रभर उभं राहिलेल्या सिस्टरला याहून नेमकं दुसरं काय द्यायचं?

तयारी आदल्या रात्री करायची, हेही तुमचंच. स्तोत्र ५५:१७ मध्ये संध्याकाळ आधी येते, मग सकाळ आणि दुपार, हे तुम्ही बोट ठेवून दाखवायचात. रात्री पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उद्याच्या पानावर खूण घालून ठरल्या जागी ठेवायचं, वही आणि चालणारं पेन शेजारी, मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. गजरासाठी साधं टेबलावरचं घड्याळ. सकाळी मोडणाऱ्या बहुतेक सवयी मोबाइलवर मोडतात, कारण बंद करायला म्हणून हातात घेतलेला गजर दोन मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅप होतो. बायबल ॲप वाईट नाही. पण त्याच पडद्यावर बँकेचा मेसेज येतो तेव्हा वाचन संपलेलं असतं.

आता पंधरा मिनिटं. एक मिनिट गप्प बसणं, पाच मिनिटं वाचन, तीन मिनिटं वहीत लिहिणं, पाच मिनिटं प्रार्थना, आणि शेवटच्या मिनिटात आज करायची एक गोष्ट ठरवणं. वाचन प्रार्थनेच्या आधी. यावर तुमच्याशी वाद घालणारे बरेच होते, आणि तुम्ही प्रत्येकाला ब्रिस्टलला अनाथालयं चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचं उदाहरण द्यायचात. म्युलर सांगतात, उठल्याबरोबर प्रार्थनेला बसायचो तेव्हा मन ताळ्यावर यायलाच कधी कधी अर्धा तास जायचा. आधी वचन वाचून त्यावर मनन करू लागल्यावर ती अडचण जवळजवळ उरली नाही, असं त्यांनी १८४१ साली नोंदवलं आहे. कारण सरळ आहे. रिकाम्या मनात कालचं भांडण आणि आजची यादी आधी शिरते. वाचलेल्या चार ओळी असल्या की मनाला उभं राहायला जागा मिळते.

वाचनाची सुरुवात मार्कपासून. १६ अध्याय, भराभर पुढे जाणारं शुभवर्तमान. दिवसाला एक अध्याय सुद्धा नको, छापील पुस्तकात जिथे मधलं शीर्षक येतं तिथपर्यंतच. एकदा हलक्या आवाजात, एकदा सावकाश मनात. मग तीन प्रश्न: इथे देव कसा दिसतो, माणूस कसा दिसतो, आणि मला आज काय करायचं आहे. वहीत तारीख, संदर्भ, एक ओळ वचनाची आणि एक ओळ प्रार्थनेची. चार ओळींच्या वर गेलं की वही डायरी होते आणि डायरी कंटाळवाणी होते. हे वाक्य तुमचंच.

एक जानेवारीला "वर्षात अख्खं पवित्र शास्त्र" सुरू करणाऱ्यांना तुम्ही हिशोब मांडून दाखवायचात. एकूण ११८९ अध्याय. रोज तीन धरले तर २५ जानेवारीला माणूस निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात, म्हणजे निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) मापांत येतो, आणि ३१ जानेवारीला लेवीय हे तिसरं पुस्तक उघडतो. तिथे गाडी अडते. त्यात वाचणाऱ्याच्या विश्वासाचा दोष नाही. होमार्पणांचे नियम सोबतीला कोणी नसताना सलग वाचणं खरोखर अवघड आहे. त्याऐवजी नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग: २६० अध्याय, आठवड्याला पाच, बरोबर ५२ आठवडे. शनिवार राहिलेलं वाचायला, रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) जे वाचलं जाईल ते. स्तोत्रं रोज एक, फक्त ११९वं त्याच्या आठ-आठ ओव्यांच्या २२ तुकड्यांत, म्हणजे सगळी स्तोत्रं १७१ दिवसांत होतात. ज्यांना एवढंही जमत नाही त्यांनी नीतिसूत्रे हे पुस्तक. अध्याय ३१, तारीख असेल तो अध्याय. चार दिवस चुकले तर आजच्या तारखेचा उघडायचा, मागचे सोडून द्यायचे. थकबाकी ठेवायची नाही. सोसायटीचं कर्ज माहीत असलेल्या आमच्या भागात हा शब्द चटकन कळतो.

प्रार्थनेच्या पाच मिनिटांत काय बोलायचं, यावर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ दिलात. येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना हाच साचा, मत्तयच्या शुभवर्तमानातली, ६:९ ते १३. त्यात सहा मागण्या, पहिल्या तीन देवाच्या: त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. भाकर चौथी. आपली प्रार्थना चौथीपासून सुरू होते आणि तिथेच संपते: गुडघेदुखी, मुलाची नोकरी, ऊसबिल. भाकर मागू नये असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत, फक्त पहिल्या तीन मागण्यांवर दीड मिनिट तरी थांबून मग या म्हणायचात. आणि पाचवी गाळू नका. क्षमेपाशी एखादं नाव डोळ्यासमोर आलं तर ते तिथेच वहीत लिहायचं, शेवटच्या मिनिटातली "आज करायची एक गोष्ट" बहुतेक वेळा तीच असते. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाकडे जायचं असतं, भाऊ विट्याला राहत असला तरी.

दुसऱ्यांसाठीच्या प्रार्थनेची यादी वारांप्रमाणे: सोमवारी घरचे, मंगळवारी शेजारी, बुधवारी मंडळी आणि पाळक, याप्रमाणे पुढे. एका वाराला पाचांपेक्षा जास्त नावं नाहीत. यादी चाळीस नावांची झाली की ती हजेरीसारखी वाचली जाते. प्रत्येक नावापुढे विनंतीची तारीख, उत्तर मिळालं तर त्याची, आणि "नाही" असं उत्तर मिळालं तर तेही तसंच लिहायचं. ही शेवटची सूचना अनेकांना जड गेली. पण ज्या वहीत फक्त यशाच्या नोंदी असतात, ती पुढच्या संकटात उघडवत नाही.

बुधवारच्या सभेत तुम्ही एक नियम कडक पाळलात, त्याबद्दल मनापासून आभार, कारण त्यामुळे गट टिकला. कोणाचंही नाव त्याला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि घेतलं तर आजाराचे तपशील नाहीत, सुनेचं माहेर नाही, व्याजाचा आकडा नाही. "तिच्यासाठी प्रार्थना करा, सध्या तिच्या घरी काय चाललंय ना…" इथे तुम्ही हात वर करायचात. देवाला पत्ता माहीत आहे, म्हणायचात.

शब्दच सुचत नसतील तेव्हा तुम्ही स्तोत्रं उसनी दिलीत. स्तोत्र १३, सहाच ओव्या, "किती काळ" असं पुन्हा पुन्हा विचारणारं. स्तोत्र ८८, जे अंधारातच संपतं आणि शेवटी कुठलंही सांत्वन जोडत नाही. आणि स्तोत्र ६९, पाणी गळ्याशी आलं म्हणून हाक मारणारं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरल्यापासून ते इथे वेगळ्याच आवाजात वाचलं जातं. तक्रार करणं अविश्वास असतो, ही समजूत आपल्या मंडळ्यांत फार खोल आहे. ती काढायला उपदेशापेक्षा ही तीन स्तोत्रं जास्त कामी आली.

एकांताचा प्रश्न तुम्ही उडवून लावला नाहीत. "खोलीत जा, दार लाव" हे मत्तय ६:६ चं वचन दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्यांना कसं सांगायचं? गच्ची, संध्याकाळचं चालणं, हॉस्टेलवर असाल तर मैत्रीण उठण्याआधीची दहा मिनिटं. आणि स्वयंपाकघरात ओट्याजवळ पाट टाकून डोक्यावर पदर घेतला की पोरांनाही कळतं, आत्ता आईला हाक मारायची नाही. दार असंही लागतं. घरात एकटीच विश्वासणारी असलेल्या बायकांना तुम्ही मोठ्याने प्रार्थना करायचा आग्रह धरला नाहीत, हे फार शहाणपणाचं होतं.

रात्रीची पाच मिनिटं सोळाव्या शतकातले संत इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मपरीक्षणाच्या क्रमाने: आधी दिवसाबद्दल आभार, मग प्रकाश मागणं, मग सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवणं, चुकलं त्याची क्षमा, उद्यासाठी मदत. काही जण म्हणाले, ते कॅथलिक, आपण नाही. तुम्ही उत्तर दिलंत की आभार मानायला कोणाची परवानगी लागत नाही. अडचण वेगळीच आहे: हे अंथरुणात पडून केलं तर तिसऱ्या पायरीवर झोप लागते. म्हणून जेवणं आटोपल्यावर, अंथरुणं घालण्याआधी, बसून. आणि आभार आधी, कारण चुकांपासून सुरुवात केली की माणूस तिथेच रुतून बसतो.

घरच्या प्रार्थनेला दहा मिनिटांच्या वर जाऊ द्यायचं नाही. 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातल्या एका गीताची दोन कडवी, सहा ते आठ ओव्या, प्रत्येकाची एक ओळ प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. गीत मुलांनी निवडायचं. पेटी नसली तर टाळ, टाळ नसले तर टाळ्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१७ साली शेजारच्या साताऱ्यात येऊन राहिले, तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि भजनात गायची वाट त्यांनी आपल्याला घालून दिली आहे. ती घरात वापरायला गवयाचा गळा लागत नाही. मुलं कंटाळतात ती बहुतेक वेळा वडिलांच्या लांब प्रार्थनेला. त्या प्रार्थनेत आदल्या दिवशीच्या गणिताच्या मार्कांचा उल्लेख आला, तर पोरगं पुन्हा मनाने तिथे बसत नाही.

उपवासाबद्दल थोडक्यात, कारण तुम्हीही थोडक्यातच सांगितलंत. आठवड्यातून एक जेवण सोडायचं, पाणी भरपूर, त्या अर्ध्या तासात प्रार्थना आणि त्या जेवणाचे पैसे कोणाला तरी द्यायचे. यशया ५८ वाचल्याशिवाय उपवास धरायचा नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी जेवण सोडायचं नाही; त्यांनी टीव्ही सोडावा. "चहा चालतो का?" या प्रश्नावर दरवर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या सभेत वीस मिनिटं जायची आणि तुम्ही शांतपणे चहा पीत ऐकायचात.

सवय मोडते. लग्नसराईत, आजारपणात, छाटणीच्या दिवसांत. तेव्हा पंधरा मिनिटांवर परत उडी मारायची नाही, पाचपासून यायचं: एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, बास. आणि प्रार्थना कोरडी पडली तर लगेच आत्मिक कारण शोधायचं नाही. आधी झोप किती होते ते बघा, मग कोणाशी अबोला आहे का ते बघा, मग वाचन झेपण्यापेक्षा जास्त झालंय का ते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, असं असेल तर डॉक्टर. "विश्वास कमी पडतोय" असं कोणी अशा माणसाला म्हणालं की तुमचा आवाज चढायचा. तो चढल्यामुळे काही जण वेळेवर दवाखान्यात पोचले. याचे आभार वेगळे मानायला हवेत, म्हणून इथे वेगळे मानतो.

बुधवारची सभा चालू आहे, वेळ तीच, साडेसहा. नव्या लोकांना पहिल्या दिवशी मार्क आणि दोनशे पानी वही देतो, बाकी काही सांगत नाही. १ डिसेंबरपासून लूकचं शुभवर्तमान धरणार आहोत, २४ अध्याय, रोज एक, नाताळच्या आदल्या संध्याकाळी संपेल असा. तुम्हीही पुण्याहून त्याच दिवशी सुरू करा. येशूच्या जन्माचा दुसरा अध्याय दोन तारखेलाच येऊन जातो, नाताळला वाचायला काय उरतं, अशी कुरकुर आत्ताच सुरू झाली आहे. त्यावर तुमचं उत्तर कळवा.

तुमचे,
बुधवारच्या प्रार्थना गटातले सगळे
सांगली-मिरज