मंत्रिमहोदय, १०८च्या फेऱ्या रोज सकाळी मोजा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सादर नमस्कार.

मी नोकरीची बरीच वर्षं ग्रामीण भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी म्हणून काढली. आता निवृत्त आहे. एका पहाटेची हकीकत आधी सांगतो, कारण माझी मागणी त्यातूनच आली आहे.

जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. पाचच्या सुमारास १०८ची रुग्णवाहिका केंद्राच्या दारात लागली. आत एक आजी होत्या. जुलाब-उलट्यांनी पार गळालेल्या, डोळे खोल गेलेले, मनगटाला नाडी लागेना. सलाईन लावून मान वर केली तर पायलट अजून दारातच उभा. (१०८च्या चालकाला सगळे पायलटच म्हणतात.) तो म्हणाला, "सर, रात्रीपासून त्या वाडीवरची ही तिसरी फेरी. आधीचे दोघं ग्रामीण रुग्णालयात सोडले."

त्या दोघांची मला खबरच नव्हती. तिथल्या ड्यूटी डॉक्टरला ते पावसाळ्यातले नेहमीचे जुलाब वाटले असणार. आमचा साप्ताहिक अहवाल सोमवारी जायचा आणि त्या दिवशी होता बुधवार. तिन्ही फेऱ्या एकत्र ठाऊक असलेला माणूस अख्ख्या तालुक्यात एकच होता, तो पायलट.

आठ वाजता आम्ही वाडीवर पोहोचलो. नळयोजनेचा व्हॉल्व्ह गटाराच्या पाण्यात बुडालेला. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायची चाचणी, केली तर पाण्याला पिवळेपणाचा मागमूस नाही, म्हणजे क्लोरीन शून्य. टीसीएलचं (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचं) पोतं ग्रामपंचायतीच्या खोलीत ओल लागून दगड झालेलं. नळ बंद केले, टँकर मागवला, आशाताईंनी घरोघर ओआरएस दिलं. आजी वाचल्या.

साहेब, राज्यात १०८ सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हा तिच्याकडे ९३७ गाड्या होत्या. राज्यभरचे कॉल पुण्याच्या नियंत्रण कक्षात येतात. कॉल आला की वेळ, गाव आणि तक्रार नोंदली जाते, मग गाडीतला डॉक्टर वय, नाडी, ताप, ऑक्सिजन लिहितो. गाडी किती मिनिटांत पोहोचली हे आपण तपासतो, ते तपासायलाच हवं. पण माझ्या नोकरीच्या काळात त्यातली एक ओळही साथीचा इशारा म्हणून माझ्या टेबलावर आली नाही.

साथरोग सर्वेक्षण आपल्याकडे नाही असं मुळीच नाही. २००४पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. त्याचे एस, पी, एल हे फॉर्म (लक्षणं, डॉक्टरचं निदान आणि प्रयोगशाळेचा निकाल यांचे) मी स्वतः भरले आहेत, आणि आता तर नोंदणी ऑनलाइन झाली आहे. पण ही नोंद रुग्ण दवाखान्यात पोहोचल्यावर होते, आणि खासगी दवाखान्यांतले रुग्ण तिच्यातून सर्रास सुटतात. १०८चा कॉल त्याच्याही आधी, घरातून येतो.

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गिया-बारेचे (नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे) रुग्ण वाढले. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काही दिवसांनी पायांतलं बळ गेलं. १०८च्या नोंदींनी ती साथ नक्की आधी दिसली असती, असा दावा मी करणार नाही. साध्या जुलाबांना कुणी रुग्णवाहिका बोलावत नाही. पण "पाय उचलत नाहीत" असे चार कॉल एकाच भागातून आले, तर ते एकमेकांशेजारी कुठेतरी दिसायला हवेत. मुलांच्या मेंदूला सूज आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूचं तर आणखी वाईट. १९६५ साली नागपूरजवळच्या गावात सापडलेला हा आपल्याच मातीतला आजार. ताप आणि झटके आलेलं मूल एक-दोन दिवसांत हातचं जातं. तिथे सोमवारच्या अहवालाचा काय उपयोग?

न्यूयॉर्क शहर गेली वीसहून अधिक वर्षं रुग्णवाहिकांच्या कॉलवरून फ्लूसारख्या आजारांची चढ-उतार पाहत आलं आहे.

माझी मागणी छोटी आहे. रोज सकाळी सात वाजता प्रत्येक तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या मोबाइलवर मागच्या चोवीस तासांचा गावनिहाय आकडा यावा. जुलाब-उलट्या, ताप आणि झटके, दम लागणे, अचानक आलेला अशक्तपणा, एवढ्या चारच तक्रारी. शेजारी त्याच गावाची मागच्या वर्षीची याच आठवड्याची सरासरी. रुग्णाचं नाव, फोन काहीही नको, गाव आणि वयोगट पुरे. गावांच्या नावांचा घोळ मला माहीत आहे, एका तालुक्यात तीन-तीन इंदिरानगरं असतात. पण गाडीत जीपीएस आहे, गावांना सरकारी कोड आहेत.

खोटे इशारे येतील. जत्रेच्या, वारीच्या दिवसांत कॉल वाढणारच. एखादा आरोग्यसेवक दहा वेळा उगाच जाऊन पाणी तपासून येईल, तर त्यात बिघडलं काय? माझी काळजी वेगळी आहे. जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथून कॉलच येत नाही. मेळघाट आणि गडचिरोलीतल्या पाड्यांवरून शून्य आलं, तर ते शून्य "सगळं ठीक" म्हणून वाचू नये, अशी सक्त सूचना सोबत हवी. आणि आकडा चढला की त्याच दिवशी गावात कोण जाणार, ते आदेशात पदनामासह लिहा. नाहीतर हा आणखी एक व्हॉट्सअॅप मेसेज होऊन बसेल.

शेवटची एक विनंती. गाडीतल्या टॅबवर पायलट आणि डॉक्टरसाठी "इथे काहीतरी वेगळं चाललंय" असं सांगणारं एक बटण द्या. त्या पहाटे तो पायलट मला सांगू शकला, कारण मी समोर होतो. आठ वाजता त्याची पाळी संपणार होती, आणि पुढच्या पायलटला त्या वाडीवरच्या तीन फेऱ्या ठाऊक नसत्या.

येत्या पावसाळ्याआधी एखाद-दोन जिल्ह्यांत हे सुरू करा. त्या कामाला मी बिनपगारी यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी