काडेपेटीवर काय छापायचं?

फिलाडेल्फिया
२० ऑक्टोबर

प्रिय मंजू,
सस्नेह नमस्कार.

तुझा फोन झाल्यापासून डोक्यात वेळणेश्वरच्या घराचंच चाललंय. ते घर तू पाहुण्यांसाठी उघडतेयस हे ऐकून फार बरं वाटलं. पाहुणा निघताना त्याच्या हातावर काय ठेवावं, असं तू विचारलंस. मी ‘काडेपेटी’ म्हटलं आणि तू ‘आता सिगरेट ओढतंय कोण?’ म्हणून विषय पुढे नेलास. पण मला ते नीट सांगायचंय, म्हणून पत्रच लिहायला बसले.

नानांचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आठवतो ना? जहाजावरून आले की बंदराबंदरातल्या हॉटेलांची मॅचबुकं त्यात टाकायचे आणि आपल्याला लांबूनच दाखवायचे. पुठ्ठ्याचं चपटं पाकीट, वरचं झाकण खालच्या घडीत खोचलेलं, आत कागदी काड्यांच्या दोन रांगा, खाली एकच स्टेपलची पिन. त्याचं मूळ याच गावात आहे बघ. इथल्याच जोशुआ प्युसी नावाच्या वकिलाने १८९२ साली कागदी काड्यांच्या या पाकिटाचं पेटंट घेतलं. पुढे ते डायमंड मॅच कंपनीने विकत घेतलं. पण या वस्तूचा खरा उपयोग ओळखला तो कंपनीच्या हेन्री ट्राउट नावाच्या विक्रेत्याने. काड्या कुणीही विकेल, आपण वरचं झाकण विकू, असं त्याने ठरवलं आणि पाब्स्ट या बिअरवाल्यांकडून तब्बल एक कोटी मॅचबुकांची ऑर्डर आणली. मग हॉटेलं, बार, क्लब सगळेच या वाटेने आले. गिऱ्हाइकाला फुकट, आणि वीस काड्या म्हणजे वीस वेळा ते नाव डोळ्यांसमोर.

जाहिरात म्हणून ही युक्ती हुशारीची होतीच. मला मात्र त्याहून जास्त आवडते ती त्यातली जागेची टंचाई. बंद मॅचबुक जेमतेम दीड इंच रुंद आणि दोन इंच उंच. त्यात नाव, पत्ता, फोन, एखादं चित्र, तेही बहुतेक वेळा एकदोन रंगांत. पुढची बाजू, मागची बाजू आणि दोन्हींच्या मधे वरच्या घडीची ती अरुंद पट्टी. पाकीट टेबलावर उभं ठेवलं की वरून तेवढीच दिसते, म्हणून जाणता चित्रकार तिथेही गावाचं नाव बसवायचा. इतक्या कमी जागेत भपका चालत नाही, काय सांगायचं ते आधी ठरवावंच लागतं. माझ्या टेबलावर आत्ता एक १९३०च्या दशकातल्या पद्धतीचं आहे. लायन मॅच कंपनी तेव्हा काड्यांवरसुद्धा छापायची. झाकण उघडलं की पांढऱ्या कोटातले वेटर ओळीने उभे, एकेक जण दोनदोन काड्यांवर पसरलेला. डावीकडची एक काडी कुणीतरी वापरलीय, त्यामुळे पहिल्या वेटरचा ट्रे धरलेला हात गेलाय. बाजारात अशा पाकिटाला किंमत कमी मिळते, कारण संग्राहकांना न वापरलेलं हवं असतं. मला हेच जास्त मोलाचं वाटतं, कारण ते कुणाच्या तरी उपयोगी पडलेलं आहे.

आणि या वस्तू किती बोलतात म्हणून सांगू! घासायची पट्टी पुढच्या बाजूला असेल तर ते १९७०च्या दशकाच्या मध्याआधीचं समजायचं, कारण मग सुरक्षेसाठी ती मागे गेली. पत्त्यात झिप कोड, म्हणजे इथला पिनकोड, नसेल तर बहुधा १९६३च्या आधीचं. आपल्याकडेही हीच खूण चालते. जुन्या मुंबईच्या हॉटेलाच्या कागदावर नुसतं ‘बॉम्बे १’ असेल तर ते १९७२च्या पिनकोडाआधीचं, ‘४०० ००१’ असेल तर नंतरचं. नानांच्या डब्यातल्या मुंबईच्या मॅचबुकांवर हे एकदा बघच.

मागच्या खेपेला न्यूयॉर्कला गेले होते तेव्हा मुद्दाम त्रेपन्नाव्या रस्त्यावर गेले. तिथे ३ ईस्ट ५३ या पत्त्यावर स्टॉर्क क्लब हा नाइटक्लब होता. स्टॉर्क म्हणजे करकोचा. उंच टोपी घातलेला, एका डोळ्याला भिंग लावलेला करकोचा ही त्यांची खूण, मॅचबुकांपासून अॅशट्रेपर्यंत सगळीकडे. क्लब १९६५ साली बंद पडला, इमारत पाडली. १९६७पासून त्या जागी पेली पार्क आहे, इवलीशी बाग आणि मागच्या भिंतीवरून पडणारं पाणी. भोवती डबा उघडून जेवणारी ऑफिसची माणसं. त्या क्लबमधल्या एकाही खोलीचा माग तिथे लागत नाही, पण तो पत्ता दीड इंचाच्या पुठ्ठ्यावर आजही जसाच्या तसा छापलेला सापडतो. पत्ता नीट छापणं किती महत्त्वाचं आहे, हे मला तिथे उभं राहून पटलं.

मग फेकून द्यायचे लायटर आले, बारमधल्या धूम्रपानावर बंदी आली (कॅलिफोर्नियात १९९८, न्यूयॉर्कमध्ये २००३) आणि मॅचबुक जवळजवळ संपलं. पण गेल्या काही वर्षांत इथली रेस्टॉरंटं पुन्हा छापून घेऊ लागलीत. लोक ती मेणबत्तीसाठी, गॅससाठी नेतात, पुष्कळदा नुसतीच जपून ठेवतात. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. वेळणेश्वरला पावसाळ्यात वीज जाते, संध्याकाळी देवापुढे समई लागते, पडवीत डासांसाठी उदबत्ती लागते. सिगरेट कशाला हवी? प्रत्येक खोलीत काडेपेटी लागणारच आहे, ती तुझ्या घराची असू दे.

पण मंजू, मॅचबुक करू नकोस. तो हट्ट मी करणार नाही. कोकणच्या हवेत कागदी काड्या सादळतील, मऊ पडतील, पुठ्ठ्याची घडी फुगेल आणि घासायची पट्टी चिकट होईल. पाहुण्याने तीनदा ओढूनही पेटली नाही तर त्याला तुझ्या घराची तीच आठवण राहील. त्यापेक्षा आपली साधी लाकडी काड्यांची पेटी घे, तमिळनाडूतल्या शिवकाशी-साटूरकडची. २०२१च्या डिसेंबरात तिची किंमत एक रुपयाची दोन रुपये झाली, ती किती वर्षांनी माहितीये? चौदा. इतक्या स्वस्त आणि इतक्या भरवशाच्या वस्तूवर आपलं लेबल लावण्यात कमीपणा मुळीच नाही. खोल्यांमधल्या पेट्या मात्र झाकणाच्या बरणीत ठेव, आणि लेबलाला गुळगुळीत चकचकीत कागद नको, साधा जाडसर घे.

लेबलावर काय? तुझा तो डिझायनर लोगो करून देतो म्हणतोय, तो बोर्डावर लाव. पेटीवर घराचं चित्र हवं: चिऱ्यांच्या कुंपणाचा गडगा, त्यातलं बेडं म्हणजे फाटक, आणि आत दिसणारी पडवी. एका रंगात, विटकरी. खाली घराचं जुनंच नाव, मग वेळणेश्वर, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी, पिनकोडासकट. फोन नंबर घरचा. क्यूआर कोड नको. त्यामागचं पान उद्या बंद पडलं की तो चौकोन मुका होतो, पत्ता होत नाही. आणि एक जागा लोक विसरतात: आतल्या खणाचा तळ. काड्या संपत येतात तसा तो उघडा पडतो. तिथे एक ओळ छाप, चिपळूणहून घरापर्यंत कसं यायचं त्याची. पेटी रिकामी होईल तेव्हा माणूस परत यायचा रस्ता वाचत असेल.

सोबत माझ्याकडची सहा कव्हरं पाठवतेय. काड्या पोस्टात चालत नाहीत, म्हणून पिन काढून, काड्या वेगळ्या करून, सपाट केलेली. संग्राहक तशीच ठेवतात. पिवळ्या कव्हरावरची अक्षरं बघ, दोन शब्दांच्या मधे किती जागा सोडलीय ती. आपल्या लेबलावर तशी मोकळीक हवी.

आता तू एवढं कर. बेड्याचा समोरून, सकाळच्या उन्हात फोटो काढ. नानांच्या सहीचा एखादा कागद सापडला तर तोही पाठव, घराचं नाव त्यांच्याच अक्षरात घेता येईल का ते बघते. आणि काकूंना विचार, बेड्याशेजारी पूर्वी सुरंगी होती की बकुळ? मला सुरंगी आठवते, पण चित्रात झाड बरोबर यायला हवं.

तुझी,
शैला