रुबीनास, जकातीच्या हिशेबाबद्दल

प्रिय रुबीना बेटा,
अस्सलामु अलैकुम.

शुक्रवारी फोनवर मी एवढंच विचारलं की दागिन्यांची जकात, म्हणजे गरजूंना द्यायचा वर्षाचा हिस्सा, काढलीस का. तू म्हणालीस, "आमच्याकडे वापरातल्या दागिन्यांवर जकात नसते." इथवर माझी काही हरकत नव्हती. मग म्हणालीस, "तसंही दागिने माझ्याकडं नाहीत, इम्रानच्या कामासाठी दिलेत," आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवलास. त्या दुसऱ्या वाक्याबद्दल या पत्रात मी काही लिहिणार नाही. जकातीचंच लिहिते, कारण रमजानच्या आधीचा शाबान महिना अर्धा सरला आणि रमजानच्या धांदलीत हिशेब धड होत नाही.

तुझ्या सासरचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर आहे. कोकणातले मुसलमान शाफई. त्यांच्या मसलकात, म्हणजे शरियतच्या पंथात, बाईच्या अंगावर वापरायच्या दागिन्यांना जकातीतून सूट आहे. आपण हनफी, आपल्यात कपाटातला असो की गळ्यातला, सोन्याचा प्रत्येक दागिना हिशेबात येतो. निकाह झाला म्हणून बायकोचा मसलक आपोआप बदलत नाही, पण तू तो विचारपूर्वक बदलला असशील तर मी वाद घालणार नाही. फक्त सूट पुरती समजून घे. ती घालायच्या दागिन्यांना आहे. साठवण म्हणून ठेवलेलं सोनं, नाणी, बिस्किटं शाफईंच्यातही हिशेबात येतात. फुफीनं तुला दिलेली दोन नाणी म्हणजे दागिना नव्हे. आणि तुझ्या पगारातले बँकेत साठलेले पैसे तर कुठल्याच मसलकात सुटत नाहीत. ते खातं तूच चालवतेस ना?

आता निसाब, म्हणजे जेवढ्या मालावर जकात लागू होते ती किमान मर्यादा. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी हे सगळ्यांना पाठ असतं आणि घोटाळा तिथंच होतो. हा तोळा जुना, 11.664 ग्रॅमचा. कोल्हापूरच्या गुजरीतला सराफ आज तोळा म्हणतो तो 10 ग्रॅमचा. त्यामुळं सोन्याचा निसाब 87.48 ग्रॅम, 75 नव्हे, चांदीचा 612.36 ग्रॅम. आणि सोन्याचा निसाब एकटा कधी धरायचा? बाईकडं फक्त सोनं असेल, चांदी नाही, साठवलेली रोकड नाही, तेव्हाच. सोन्याबरोबर हुपरीचे चांदीचे पैंजण असतील, खात्यात काही शिल्लक असेल, तर आपल्यात सगळ्याची किंमत एकत्र करून ती चांदीच्या निसाबाशी ताडून बघतात. मग तीन तोळेवालीवरही जकात येते. "माझं कुठं साडेसात तोळे आहे" म्हणून निवांत बसणाऱ्या बऱ्याच जणींवर ती खरं तर लागू असते.

वजन करताना दागिना जसाच्या तसा काट्यावर ठेवून आकडा लिहू नकोस. तुझा कोल्हापुरी साज आणि ठुशी यांच्या मण्यांत आत लाख भरलेली आहे. लाख, दोरा, खडे, मोती, लच्छ्याचे काळे मणी हे सोनं नव्हे, ते वजा करायचं. निकाहाच्या वेळी सराफानं दिलेल्या चिठ्ठीवर एकूण 118 ग्रॅम आणि निव्वळ 110 ग्रॅम असं दोन्ही लिहिलेलं आहे, तिची एक प्रत माझ्याकडं आहे. चाळिसावा हिस्सा म्हणजे शेकडा अडीच. 110 चा चाळिसावा हिस्सा 2.75 ग्रॅम. तेवढ्या सोन्याची किंमत त्या दिवसाच्या भावानं रुपयांत दिली की झालं. भाव 22 कॅरेटचा धर, आणि तोही आज विकायला गेलीस तर जो मिळेल तो. घेतानाचा भाव नको, मजुरी नको.

आणि तारीख. जकात रमजानची नसते, तुझ्या स्वतःच्या वर्षाची असते. ज्या चांद्र तारखेला तू पहिल्यांदा निसाबाची मालकीण झालीस ती तुझी तारीख, म्हणजे निकाहाची. रबीउल आखिरची 12. ती तारीख येऊन गेली आणि "रमजानात काढू, सवाब (पुण्य) जास्त" म्हणून थांबलीस तर उशीर झाला. तारखेच्या आधी आगाऊ दिलेली चालते. बँकेच्या सोयीनं 31 मार्च धरू नकोस. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं पडतात आणि तेहतीसएक वर्षांत एका अख्ख्या वर्षाची जकात बुडते.

हे तुला मी सांगावं! दहावीत असताना गल्लीतल्या बायका दागिन्यांचे डबे घेऊन आपल्या सोप्यात बसायच्या आणि टक्के तू तोंडी काढायचीस. नानी म्हणायची, पोरीच्या डोक्यात तराजू आहे. नानीला सही येत नव्हती, पण आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आपल्या पेटीतली गुंजन्‌गुंज तिला ठाऊक होती. आजोबा बोर्डिंगात शिकलेले, शाहू महाराजांनी 1906 साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली त्या परंपरेतले, घरचा सगळा हिशेब त्यांच्या हातात. पण पेटीची किल्ली नानीच्या कमरेला. जकात काढायच्या दिवशी आजोबा तिला विचारायचे, "तुमचं किती निघालं?" तुमचं, असं म्हणायचे.

मी लिहिणार नाही म्हटलं होतं. पण बेटा, जकात फर्ज, म्हणजे बंधनकारक, होते ती मालकावर. नवऱ्यानं तुझ्या सांगण्यावरून तुझ्या वतीनं दिली तर चालते, तो फर्ज मात्र त्याचा होत नाही. त्यामुळं दागिने कुठं आहेत आणि कुठल्या नात्यानं आहेत हे कळल्याशिवाय तुझा हिशेब मांडताच येणार नाही. इम्रानला ते हदिया, म्हणजे भेट, म्हणून दिले असशील, तर मालक तो, जकात त्याच्या हिशेबात. कर्ज म्हणून दिले असशील आणि त्यानं विकले असतील, तर ते तुझं येणं. आपल्यात ते परत हाती आलं की मधल्या वर्षांचीही जकात द्यावी लागते. आणि बँकेत गहाण ठेवले असतील तर गहाणाच्या काळातल्या जकातीबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. बँकेची पावती घेऊन मुफ्तीसाहेबांकडं जा, फोनवर विचारू नकोस. वर व्याज चढतं आहे ते आणखी निराळं. तिन्हींचा हुकूम वेगळा. "कामासाठी दिलेत" या दोन शब्दांत यातलं काहीच कळत नाही.

सूरह बकराची 282 वी आयत कुराणातली सगळ्यात लांब आयत, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. त्यात नवरा-बायकोला सूट दिलेली नाही. सूरह निसाच्या चौथ्या आयतीत बायकांना त्यांचा महर, म्हणजे निकाहात ठरलेलं देणं, खुशीनं द्या, आणि त्यांनी आपखुशीनं त्यातलं काही तुम्हाला दिलं तर ते खा, असं आहे. आपखुशीनं. तू खुशीनं दिलेस का, एवढंच मला समजू दे.

लेक्चर झालं, माफ कर. इम्रान वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. अब्बूंच्या ऑपरेशनच्या वेळी तो रात्रभर खाली बाकावर बसून होता, ते मी विसरले नाही. धंद्यात मंदी कुणाला चुकली आहे? नवऱ्याच्या अडचणीत बाईनं उभं राहणं ही मोठीच गोष्ट. बुखारीच्या संग्रहात पैगंबरांच्या काळची एक हदीस आहे: हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद यांच्या पत्नी बीबी झैनब यांना आपला दागिना सदका, म्हणजे दान, करायचा होता. नवरा म्हणाला, माझा आणि मुलांचा हक्क इतरांपेक्षा जास्त. बीबी झैनब उठून स्वतः पैगंबर हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्याकडं विचारायला गेल्या, आणि तो खरं बोलतो आहे असं उत्तर मिळालं. शाफई या हदीसवरून बायकोची जकातही गरजू नवऱ्याला चालते म्हणतात. इमाम अबू हनीफा हा नफली, म्हणजे ऐच्छिक, सदका मानतात, त्यांच्याकडं नवरा-बायकोत जकात चालत नाही. मसला काही असो, तू तो प्रसंग नीट बघ. दागिना झैनबचा, देण्याची नीयत तिची, विचारायला गेली तीच.

बरं. जकात निघाली तर द्यायची कुणाला ते लिहिते. सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत आठ हक्कदार सांगितलेत, त्यात कर्जात बुडालेलाही आहे. आई-बाप, आजी-आजोबा, आपली मुलं-नातवंडं यांना चालत नाही, म्हणजे आम्हाला काही पाठवायचा विचार असेल तर तो जकातीतून नको. पैगंबरांच्या वंशातल्या सय्यद घराण्यालाही चालत नाही. भाऊ-बहीण, खाला, फुफी, मामा गरजू असतील तर चालते, उलट त्यांना देण्यात सवाब दुहेरी. सासू-सासरेही चालतात, गरजू असतील तर. देताना "ही जकात आहे" असं सांगायची गरज नाही. नीयत तुझ्या मनात हवी, पैसे बाजूला काढताना किंवा हातात देताना. पाकिटावर ईदी लिहिलंस तरी अदा होते. आपल्यात घेणाऱ्याला मालक करणं ही अट आहे, म्हणून मशिदीच्या फरशीला, बोअरिंगला जकातीचे पैसे चालत नाहीत. ते सदक्यातून कर. 2019 आणि 2021 च्या पुरात आंबेवाडी, चिखलीच्या लोकांना जे पोहोचवलं ते सदक्याच्या वहीतून, कारण तिथं कोण मुसलमान आणि कोण नाही हे विचारायचं नव्हतं.

रेशनचं किट शक्यतो नको. लक्ष्मीपुरीतून घाऊक घेतलं तरी एका घरात पाच किलो साखर साठून राहते आणि औषधाला पैसे नसतात. रोख दे, आणि रमजान उजाडायच्या आत दे. सत्ताविसाव्या रोजाला मिळालेल्या पैशात पोराचे कपडे शिवून होत नाहीत. फोटो काढू नकोस. सूरह बकरातच आहे, उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपला सदका वाया घालवू नका.

फित्रा, म्हणजे रमजान सरताना द्यायचं दान, वेगळा, ईदच्या नमाजाआधी, माणशी. आपल्याकडं पावणेदोन किलो गव्हाची किंमत देतात. नेमका हिशेब 1 किलो 633 ग्रॅम येतो, वरचं खबरदारीचं. तुमच्याकडं शाफई रिवाजानं तांदूळच देतात, अडीच किलोच्या आसपास, धान्यच, पैसे नव्हे. त्यात तुझ्या सासूबाईंचं ऐक, त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

रविवारी शाहिद रत्नागिरीला येतो आहे. त्याच्याबरोबर चिठ्ठीची प्रत आणि माझा छोटा वजनकाटा देते. जे दागिने तुझ्याजवळ असतील ते एकेक करून तोल. जे नसतील त्यांच्या पुढं "बँक", "विकला" किंवा "इम्रानला दिला" असं खरंखरं लिही, मी कुणाला काही विचारणार नाही, अब्बूंनाही सांगणार नाही. काटा सपाट फरशीवर ठेव, आधी शून्य येऊ दे, आणि तोलताना पंखा बंद कर, वाऱ्यानं आकडा हलतो.

तुझी,
अम्मी