दोष नव्या पत्त्याचा नाही, गप्प बसणाऱ्या राउटरचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाने विचारलं होतं, की ब्राउझरमध्ये पान उघडताना खालच्या कोपऱ्यात 'लुकिंग अप' असं कितीतरी वेळ दिसत राहतं, काय करावं? त्यावर एका ओळीत उत्तर होतं : आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या नव्या पद्धतीच्या पत्त्यांची सोय, बंद करा. उपाय खोटा नाही. पण तो कायमचा इलाज म्हणून छापला गेला, म्हणून लिहावंसं वाटलं.

देवगड तालुक्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं लहानसं दुकान आहे. संगणक दोन, दोन्ही म्हातारे. २०२० च्या जानेवारीत विंडोज ७ चे अपडेट थांबले तेव्हापासून लिनक्सवर चालतात. मे महिन्यात फायबर आलं आणि त्याच्याबरोबर हा त्रास आला. कुठलीही नवी साइट उघडायची म्हटली की पाच अंक मोजून होईपर्यंत काहीच नाही, कधी त्याच्या दुप्पट वेळ. मग पान एकदम धाडकन यायचं, फोटोसकट. दुकानात येणारे विचारायचे, "काय रे, तुझो इंटरनेट निजलो काय?" केबलवाल्याने आधी पावसाला दोष दिला, मग तारेवर पडलेल्या झावळीला. "राउटर बंद करून चालू कर" हे तर मी झोपेतही करू लागलो होतो.

जूनमध्ये मुंबईच्या बहिणीसाठी गणपतीचं तिकीट काढायला सकाळी आठला बसलो. ज्यांनी कोकणच्या गाडीचं तिकीट कधी काढलंय त्यांना पाच सेकंद म्हणजे काय ते सांगायला नको. त्यात एका पानामागे एकाच साइटचं नाव नसतं. पैसे भरायचं पान वेगळं, बँकेचं वेगळं, आणि प्रत्येक नव्या नावाला पुन्हा पाच सेकंद. वेटिंग लिस्ट मिळाली. त्याच दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून मी शोध घ्यायला बसलो.

इंटरनेटची लाइनच मंद असती तर फोटोही रखडत आले असते. अडत होतं ते फक्त सुरुवातीला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधताना. हे पत्ते सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस, आणि घरोघरी तो प्रश्न आधी राउटरकडे जातो. संगणक इथे दोन प्रश्न विचारतो : या नावाचा जुना पत्ता काय, आणि नवा, आयपीव्ही६ चा, पत्ता काय? पहिल्याला 'ए' रेकॉर्ड म्हणतात, दुसऱ्याला चार वेळा ए. 'डिग' ही आज्ञा वापरून मी दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले. जुन्याचं उत्तर पापणी लवायच्या आत आलं. नव्याचं आलंच नाही. मग राउटरला वगळून थेट ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या डीएनएसला, विचारलं, तर दोन्ही उत्तरं हजर. झावळी निर्दोष सुटली.

आमच्या वाडीत घरांना नवे नंबर लागले त्या वर्षीची आठवण झाली. तिठ्यावर बसणाऱ्या आजोबांना जुना नंबर विचारला की ते लगेच बोट दाखवत. नवा विचारला की पान चघळत रस्त्याकडे बघत राहत. "म्हायत नाय" एवढं म्हणाले असते तरी पाहुणा पुढे गेला असता. राउटरचंही तेच. नवा पत्ता नसेल तर 'नाही' असं उत्तर देण्याची रीत आहे, आणि ते मिळालं की ब्राउझर जुन्या पत्त्याने निघतो. गप्प बसलं की मात्र तो खोळंबतो. लिनक्समध्ये वाट पाहण्याची मुदत मुळात पाच सेकंदांची असते, म्हणून ते पाच अंक. काही सर्व्हर या प्रश्नाला मौन धरतात हे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी (त्यांना आरएफसी म्हणतात) आरएफसी ४०७४ मध्ये २००५ सालीच लिहून ठेवलंय. पुढे २०१७ च्या आरएफसी ८३०५ ने सुचवलं, की जुना पत्ता आधी हाती आला तर नव्यासाठी फार तर ५० मिलिसेकंद थांबावं. सगळे संगणक ते पाळत नाहीत, माझे तर नाहीतच.

फायरफॉक्स ब्राउझरच्या 'अबाउट कॉन्फिग' या सेटिंगच्या पानावर 'नेटवर्क डॉट डीएनएस डॉट डिसेबल आयपीव्ही६' ही ओळ 'ट्रू' केली की पान झटकन उघडतं. मीही करून पाहिलं. संशय खरा ठरला, आणि ती ओळ पुन्हा 'फॉल्स' करून ठेवली. इलाज केला तो संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये राउटरऐवजी दुसरा डीएनएस घालण्याचा. पाच मिनिटांचं काम. मात्र असाच दिसणारा आणखी एक आजार आहे : नाव लगेच सापडतं, नवा पत्ताही मिळतो, पण त्या पत्त्याकडे जाणारी वाटच पुढे तुटलेली असते. तिथे डीएनएस बदलून उपयोग नाही, कंपनीलाच गाठावं लागतं.

कायमचं बंद का करू नये? जुने पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ लाच वाटून संपला. आता एकाच जुन्या पत्त्यामागे कित्येक घरं कोंबलेली असतात. आमच्या शेजारच्या चाकरमान्याला मुंबईहून गावच्या घराचा कॅमेरा थेट बघायचा होता, तो याच कोंबाकोंबीमुळे लागेना. नव्या पत्त्यावर लागला. फोनवर तर आयपीव्ही६ आपल्या नकळत रोज चालतं.

दूरसंचार विभागाने २०२१ च्या नोव्हेंबरात सांगितलं, की ३१ डिसेंबर २०२२ नंतरची प्रत्येक नवी तारेची जोडणी आयपीव्ही६ चालवू शकणारी हवी. जोडणी तशी देतात हो, पण टोकाला राउटर म्हणून कुठलातरी जुना डबा लावून जातात. आपल्या तज्ज्ञांनी वाचकांना तो डबा बदलून मागायला सांगावं. निदान त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, तरी.

माझा डबा गेल्या आठवड्यात बदलून मिळाला. केबलवाला आमच्याच वाडीतला, आणि गणपतीत आरतीला शेजारी उभा असतो. तेव्हा नाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक दुकानदार, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग